कॅराव्हॅन आणि बोटीतलं पाणी: टाकी, नळ आणि गीझर जंतूंपासून कसे जपायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तिघांकडून येतात: अमेरिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये आरव्ही, कॅम्परव्हॅन (आत राहण्याची सोय असलेल्या गाड्या) घेऊन फिरणारे, इथे टेम्पो ट्रॅव्हलर किंवा जुन्या बसची कॅराव्हॅन करून घेतलेले, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर बोट असलेले. गाडी असो की बोट, आतली यंत्रणा जवळपास सारखीच असते: एक टाकी, बारा व्होल्टचा पंप, थोडे पाइप, छोटा गीझर. घोटाळेही तेच. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसरीकडे जास्त माहिती असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही घरच्याच नळाचं पाणी टाकीत भरतो. ते बिघडतंच कसं?

नळाचं पाणी सुरक्षित राहतं ते त्यात उरलेल्या क्लोरीनमुळे. भारतीय मानकानुसार नळाशी पोचताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. ते कायम टिकत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या तापलेल्या टाकीत ते एक-दोन दिवसांतही संपू शकतं. मग थोडेफार जंतू असतील ते टाकीच्या भिंतीला आणि पाइपच्या आतून चिकटतात आणि बुळबुळीत थर धरतात. घरच्या टाकीतलं पाणी रोज वापरून बदलतं. गाडीतलं महिना महिना हलत नाही. एकदा थर धरला की वरून कितीही ताजं पाणी ओता, ते ताजं फार वेळ राहत नाही, कारण थराच्या आतल्या जंतूंपर्यंत नळाच्या पाण्यातलं जेमतेम क्लोरीन पोचतच नाही.

२. नेमके कोणते जंतू असतात?

ढोबळमानाने तीन गट धरा. पहिला, सांडपाण्यातून किंवा घाणेरड्या हातातून आणि पाइपातून येणारे ई-कोलायसारखे जंतू. हे पोट बिघडवतात. दुसरा, स्यूडोमोनास, हे त्या बुळबुळीत थरातच राहतात आणि कान, डोळे, त्वचा यांना त्रास देतात. तिसरा, लिजिओनेला. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेल्या लोकांना न्यूमोनियाची साथ लागली, त्यावरून या जंतूला नाव मिळालं. तो साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो. मे महिन्यात रत्नागिरीला उभ्या गाडीच्या टाकीचं तापमान मोजून पाहा, म्हणजे हा आकडा किती जवळचा आहे ते कळेल.

३. टाकीतलं पाणी आम्ही पीतच नाही, फक्त अंघोळीला आणि भांड्यांना वापरतो. मग कशाला काळजी?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि यातला निर्धास्तपणा सर्वांत फसवा. लिजिओनेला पिण्यातून क्वचितच बाधतो. तो शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. म्हणजे पिण्यासाठी वीस लिटरचा जार ठेवलात तरी अंघोळीचा धोका तसाच राहतो. पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे, मधुमेह किंवा फुप्फुसाचा आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांना तो जास्त. शिवाय दात घासणं, कोथिंबीर धुणं, बाळाची बाटली विसळणं ही कामं बहुतेक जण त्याच नळावर करतात आणि त्याला ‘पिणं’ म्हणत नाहीत.

गाडी काही दिवस बंद असेल तर शॉवरचं तोंड काढून किंवा बादलीत बुडवून, तुषार न उडवता, गरम आणि गार दोन्ही पाणी काही मिनिटं वाहू द्या. त्या वेळी खिडकी उघडी ठेवा. याच ओघात काच धुण्याच्या पाण्याचंही सांगतो: ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विंडस्क्रीन वॉशरमध्ये नुसतं पाणी भरणं आणि लिजिओनेलाचा आजार यांचा संबंध दिसला होता. त्यात स्क्रीनवॉश घालायला फार खर्च येत नाही.

४. टाकी क्लोरीनने धुवायची म्हणजे नक्की किती घालायचं आणि कसं?

लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन आणि चार तास. हे प्रमाण लक्षात ठेवा, बाकी हिशेब आहे. १०० लिटरच्या टाकीला ५ ग्रॅम क्लोरीन लागतं. म्हणजे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १०० मिलिलिटर, १० टक्क्यांचं असेल तर ५० मिलिलिटर. ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणून ती १५ ग्रॅम. टीसीएल थेट टाकीत कधीच ओतू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं घ्या. नाहीतर तो चुना पंपाच्या जाळीत जाऊन बसतो आणि पुढचा रविवार पंप उघडण्यात जातो.

आधी गीझर बंद करून थंड होऊ द्या. फिल्टरची कार्ट्रिज काढून ठेवा. कार्बन सगळं क्लोरीन पिऊन टाकतो. टाकी पूर्ण रिकामी करा, अर्धी भरा, पातळ केलेलं क्लोरीन ओता, मग काठोकाठ भरा, कारण टाकीच्या वरच्या बाजूलाही थर असतो. आता पंप चालू करून एकेक नळ उघडा आणि क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा: गरमचा वेगळा, गारचा वेगळा, बाहेरचा शॉवर, संडासाचा फ्लश, जेट, बर्फाचं यंत्र असेल तर तेही. बोटीवर डेक धुण्याचा नळ आणि पायाने दाबायचा पंप हमखास विसरले जातात. जो नळ विसरला तिथूनच जंतू पुन्हा पसरतात. गाडी असेल तर थोडं फिरवून आणा, पाणी आत हिंदकळू द्या. चार तास फारच वाटत असतील तर प्रमाण दुप्पट करून एक तास ठेवता येतं, पण घाई नसेल तर चार तासच बरे. शेवटी सगळं काढून ताज्या पाण्याने वास जाईपर्यंत, बहुधा दोनदा, धुवा आणि फिल्टर नवीन बसवा.

धुतलेलं पाणी नदीत, खाडीत किंवा मरिनाच्या (बोटी बांधून ठेवण्याच्या बंदराच्या) पाण्यात सोडू नका. एवढं क्लोरीन माशांना मारतं. सांडपाण्याच्या टाकीत घ्या किंवा गटाराच्या जोडणीत सोडा.

५. हे किती वेळा करायचं?

गाडी किंवा बोट नवी घेतल्यावर (जुनी असेल तर प्रश्न १६ पाहा), ती बराच काळ बंद राहिल्यावर, संशयास्पद ठिकाणचं पाणी भरल्यावर आणि पाण्याला वास किंवा बुळबुळीतपणा आल्यावर लगेच. एरवी थंड प्रदेशात सहा महिन्यांनी आणि आपल्याकडच्या उकाड्यात तीन महिन्यांनी. पण त्याहून महत्त्वाची सवय म्हणजे प्रवास संपला की टाकी आणि गीझर रिकामे करणं. ‘पुढच्या आठवड्यात जायचंच आहे’ म्हणून ठेवलेलं पाणी बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात सापडतं.

६. कपड्यांचं ब्लीच चालेल का?

साधं चालेल. सुवासिक, जेलसारखं, साबण किंवा ‘रंग जपणारं’ काही मिसळलेलं चालणार नाही. बाटलीची तारीख पाहा. हायपोक्लोराइट उष्णतेत आणि उजेडात महिन्यागणिक कमजोर होतं आणि सैल बांधलेल्या पिशवीतली टीसीएलही तशीच. आणि एक गोष्ट अगदी काटेकोर पाळा: क्लोरीन आणि ॲसिड कधीही एकत्र आणू नका. संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबूसत्त्व यांपैकी काहीही ब्लीचमध्ये मिसळलं की विषारी वायू निघतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही तेच. बोटीची केबिन किंवा गाडीचं न्हाणीघर एवढंसं असतं की पळायलाही वेळ मिळत नाही.

७. धुऊन झालं तरी क्लोरीनचा वास आणि चव जात नाही. काय करू?

आधी आणखी एकदा ताजं पाणी भरून काढा. तरीही राहिला तर खायचा सोडा, दहा लिटरला एक चमचा, पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवा आणि सकाळी धुऊन टाका. प्लॅस्टिकचा जुना वास असेल तर पातळ व्हिनेगरनेही जातो. मात्र क्लोरीनचा मागमूस उरलेला नसतानाच, कारण प्रश्न ६ मध्ये सांगितलं आहे.

८. फक्त गरम पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. गार पाणी ठीक आहे.

गीझरमधलं पाणी दिवसेंदिवस कोमट पडून राहिलं की सल्फेटवर जगणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. गीझरच्या आतला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड या प्रक्रियेला हातभार लावतो. गीझर पूर्ण रिकामा करा, तळाचा गाळ धुऊन काढा, प्रश्न ४ प्रमाणे क्लोरीन द्या आणि रॉड पाहून बदला. रॉड कायमचा काढून टाकणं हा उपाय नव्हे. पुढे टाकीच गंजते. गार पाण्यालाही तोच वास असेल तर गीझरला दोष देऊ नका, बोअरवेलचं पाणी भरलं होतं का ते आठवा.

बोटीवर मात्र बऱ्याचदा हा वास पाण्याच्या टाकीचा नसतोच. समुद्राच्या पाण्याने फ्लश होणाऱ्या संडासाच्या पाइपात पाणी अडकून त्यातले बारीक जीव कुजतात. बोट सोडताना त्या पाइपातून गोडं पाणी खेळवलं की वास थांबतो.

९. क्लोरीन नको वाटतं. तुरटी, तांब्याचा तुकडा किंवा चांदीचे थेंब टाकले तर?

तुरटीने गढूळपणा खाली बसतो आणि त्याबरोबर काही जंतूही, पण ते मरत नाहीत, टाकीच्या तळाशी साठतात. त्यामुळे तुरटी फिरवायची ती बादलीत, टाकीत नाही. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात हे खरं आहे. पण हंड्यात पाण्याला चहूबाजूंनी तांबं लागतं, दीडशे लिटरच्या टाकीत टाकलेल्या एका पट्टीचं काय चालणार? चांदीची द्रावणं आधीच स्वच्छ असलेलं पाणी टिकवायला बरी, घाण पाणी शुद्ध करायला नाहीत, आणि ती हळूहळू काम करतात. क्लोरीन स्वस्त आहे, झटकन काम करतं आणि शिल्लक किती ते मोजता येतं. माझं मत त्याच्याच बाजूने आहे.

१०. आमच्याकडे कार्बन फिल्टर आणि यूव्ही दोन्ही आहे. आता टाकी धुवायची गरज नाही ना?

आहे. यूव्हीचा दिवा त्याच्यासमोरून जाणाऱ्या पाण्यातले जंतू निकामी करतो. पुढच्या पाइपात आणि नळाच्या तोंडात काय वाढलं आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पाणी गढूळ असेल किंवा बॅटरी उतरली असेल तर तेवढंही नाही. कार्बन फिल्टरची गंमत उलटी आहे. टाकी भरतानाच पाइपला कार्बन फिल्टर लावला तर आत जाणाऱ्या पाण्यातलं संरक्षक क्लोरीनच निघून जातं आणि टाकीत बिनक्लोरीनचं पाणी साठतं. भरताना नुसता गाळ अडवणारा फिल्टर लावा आणि कार्बन ठेवा अगदी शेवटी, पिण्याच्या नळाशी. महिनोन्‌महिने न बदललेली कार्ट्रिज स्वतःच जंतूंचं घर होते.

११. बाहेर पाणी भरताना काय पाहायचं?

पाइप. बहुतेक घाण तिथून येते. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, खाद्यदर्जाचा, आणि वापरून झाल्यावर रिकामा करून दोन्ही तोंडं बंद केलेला हवा. मरिनाच्या धक्क्यावर पडून असलेला पाइप कोणी कशासाठी वापरला आहे ते कळत नाही. त्याने डेक धुवा, टाकी भरू नका. अमेरिकेतल्या डंप स्टेशनवर, म्हणजे गाडीची मैलाटाकी रिकामी करण्याच्या जागी, बहुधा दोन नळ असतात. संडासाची टाकी धुण्याच्या नळाजवळ ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असते, आणि लोक मैलाटाकीचा पाइप सरळ त्याच्या तोंडात घालतात. न्यूझीलंडच्या सरकारी कॅम्पसाइटवर पाणी उकळून प्या अशी पाटी दिसली तर ती शोभेची समजू नका. नळाचं तोंड पुसून घ्या, थोडं पाणी सोडून द्या आणि पाइपचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडू देऊ नका.

बोटीवर डेकवरची झाकणं वाचून उघडा. पाणी, डिझेल आणि मैलाटाकी यांची तोंडं शेजारी शेजारी असतात आणि अंधारात सारखीच दिसतात.

टँकरचं पाणी घ्यावंच लागलं तर पिण्यासाठीचा डोस द्या: १०० लिटरला ५ टक्के हायपोक्लोराइट ४ मिलिलिटर, मग अर्धा तास थांबा. हा डोस टाकी धुण्याच्या डोसाच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा आहे. दोन्ही आकडे एकाच चिठ्ठीवर लिहून गोंधळ करू नका.

१२. गीझर किती अंशांवर ठेवावा? गॅस वाचवायला आम्ही ४० वर ठेवतो.

४० अंश म्हणजे लिजिओनेलाची आवडती जागा. ६० अंशांना तो काही मिनिटांत मरतो. म्हणून साठवणीचा गीझर ६० पर्यंत तापवा आणि नळाशी गार पाणी मिसळा. घरात लहान मुलं असतील तर तापमान आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या, कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत पोळतं. इंजिनच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या बोटींत इंजिन चालू असताना ते याहूनही गरम होतं, पण नांगर टाकून दोन दिवस राहिलात की तेच पाणी हळूहळू ४० वर येऊन बसतं.

१३. बोटीवर वॉटरमेकर आहे. समुद्राचं पाणी आरओमधून गाळल्यावर जंतू राहतील का?

आरओमधला गाळणारा पडदा धड असेल तर बाहेर येणारं पाणी स्वच्छच असतं. पण त्यात क्लोरीन शून्य असतं, त्यामुळे टाकीत जाऊन ते सहज बिघडतं. टाकीत पिण्याचा डोस द्यावा लागतो (प्रश्न ११). अडचण अशी की क्लोरीन आरओचा पडदा खराब करतं. टाकीतल्या पाण्याने वॉटरमेकर उलट धुवायचा असेल तर मध्ये कार्बन फिल्टर असलाच पाहिजे. बंदरात किंवा खाडीत वॉटरमेकर चालवू नका. तिथल्या तेलाच्या तवंगाने पडद्याचं कायमचं नुकसान होतं.

१४. गाडी हिवाळ्यात आणि बोट पावसाळ्यात बंद असते. टाकी भरून ठेवावी की रिकामी?

रिकामी आणि कोरडी. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ट्रॉलर ओढून ठेवले की पिण्याच्या टाकीकडे कोणी पाहत नाही, आणि ऑगस्टमध्ये तांडेल घाईघाईत त्याच पाण्यावर नवं पाणी भरतो. बंद करताना टाकी, गीझर, पंपाची जाळी, प्रेशर टाकी सगळं रिकामं करा, नळ उघडे ठेवा, हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावा म्हणजे कीटक शिरणार नाहीत. पुन्हा वापरायला काढताना आधी प्रश्न ४ प्रमाणे क्लोरीन द्या.

बर्फ पडणाऱ्या देशांत पाइप फुटू नयेत म्हणून गुलाबी अँटिफ्रीझ घालतात. ते पाण्याच्या यंत्रणेसाठीचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच हवं. इंजिनचं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. टाकीत उरलेल्या पाण्यात मिसळून गुलाबी द्रव फार पातळ झाला तर जंतू तेच खाऊन वाढतात, म्हणून घालण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा.

१५. मी रोज जलनेती करतो. प्रवासात गाडीच्या नळाचं पाणी वापरलं तर?

नको. इथे प्रश्न जंतूंचा नाही, नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाचा आहे. गिळल्यावर तो काही करत नाही. नाकातून मेंदूत गेला तर आजार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. २०२४ साली टेक्ससमध्ये कॅम्पग्राउंडवर राहिलेल्या ७१ वर्षांच्या एका महिलेचा याच आजाराने मृत्यू झाला. तिने आरव्हीच्या नळाचं न उकळलेलं पाणी नाक धुण्यासाठी वापरलं होतं. नेतीसाठी एक मिनिट खळखळ उकळून थंड केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्या. लडाख-स्पितीसारख्या उंचीवर तीन मिनिटं उकळा, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. नेतीचं भांडंही दर वेळी धुऊन कोरडं करा.

१६. जुनी कॅराव्हॅन घेतली. दोनदा क्लोरीन दिलं तरी नळातून काळे-तपकिरी तुकडे येतात.

ते सुटलेल्या थराचे तुकडे आहेत. क्लोरीनने सैल झाले आहेत, पण निघून गेलेले नाहीत. नळाच्या तोंडाच्या जाळ्या काढून घासा. टाकीला हात घालण्याइतकं तोंड असेल तर ब्रशने घासा. दोन-तीन वेळा धुऊनही तुकडे येत राहिले तर पारदर्शक लवचिक पाइप, शॉवरची होज आणि बंद पडलेल्या फाट्यांचे पाइप सरळ बदला. पूर्वीच्या मालकाने वॉशिंग मशीनसाठी काढलेला आणि टोक बंद करून सोडलेला पाइप हा नेहमीचा गुन्हेगार. त्यातलं पाणी कधीच हलत नाही. नवा पाइप अपारदर्शक घ्या, म्हणजे उजेडाने शेवाळ धरणार नाही.

१७. सगळं पाळलं, तरी दोघांना जुलाब झाले. पाण्यात दोष नाही हे कसं ओळखायचं?

क्लोरीन शिल्लक आहे का ते चाचणीच्या पट्टीने किंवा ओटी टेस्टने (ऑर्थोटोलिडिनचे थेंब पाण्यात टाकून) पाहा. ओटीत पाणी पिवळं झालं तर आहे. जंतूंच्या ढोबळ तपासणीसाठी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) बाटली मिळते: पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते विष्ठेने दूषित असण्याची दाट शक्यता. पक्कं उत्तर हवं तर निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेत द्या. लिजिओनेला या साध्या चाचण्यांत दिसत नाही.

दोन गोष्टी मात्र चाचणीआधी आठवा. ओढ्याचं पाणी भरलं होतं का? क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. त्याला उकळणं किंवा एक मायक्रॉनपर्यंत गाळणारा चांगला फिल्टर लागतो. आणि बर्फ कुठला होता? मासळीच्या पेटीतला बर्फ सरबतात गेला असेल तर टाकीचा काही दोष नाही.